‘सू’ अक्षर आलं

गुरुजींनी पंचांग मिटलं आणि सांगितलं, "शततारका, चौथा चरण. ‘सू’वरून नाव ठेवा." झालं! सुपडू महाजनांना वाटलं, देवाला चेष्टा करायला अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुसरं कुणी सापडलंच नाही.

सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने जन्मभर एकच गोष्ट मनापासून लपवली होती, ती म्हणजे स्वतःचं नाव. कागदाच्या मिलमध्ये नोकरी केली ती एस. टी. महाजन म्हणून. पण हजेरीला पूर्ण नाव पुकारलं जायचंच, आणि मग कुणीतरी हिंदीवाला दात काढायचा, "क्या सुपडू भैया, आज किसका सूपड़ा साफ?" रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणारे. महाजनही हसायचे बिचारे. न हसून जातात कुठे? घरात मात्र सगळे त्यांना नाना म्हणत, तेवढंच बरं होतं.

आता नानांच्या घरी नातू आला होता. आला म्हणजे जीव टांगणीला लावून आला. वेळेआधीच जन्मला, दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिला, बारसं तर तिथेच बुडालं. घरी आणला तेव्हा सगळ्यांच्या अंगातलं त्राण गेलेलं. इंदूरच्या नोकरीतून रजा काढून आलेला मुलगा अनिकेत बसल्या जागी डुलक्या घेई. सून मृणाल तर बोलायचीच नाही. पोराला वेळेवर पाजायची, पुसायची, कपडे बदलायची, सगळं कसं नीट. पण तिच्या तोंडून त्याच्यासाठी एक शब्द निघत नव्हता.

का, ते घरात कुणी बोलत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. हे तिसरं बाळंतपण. पहिल्या मुलाचं नाव तो पोटात असतानाच ठरलं होतं, शर्विल. नानांची मुलगी वैशाली, तिने जळगावहून दुपट्यावर ते नाव भरून आणलं होतं. तो जन्मला आणि गेला. मग मुलगी झाली. तिचं बारसं थाटात झालं, ओवी म्हणून गल्लीभर पेढे वाटले, आणि महिना भरायच्या आत तीही गेली. त्यानंतर मृणालने नाव या गोष्टीचाच धसका घेतला होता.

अनिकेत मोबाइल घेऊन बसे. "नाना, ये देखो. सुमेध म्हणजे बुद्धिमान. सुकृत म्हणजे चांगलं काम. सुहृद म्हणजे चांगल्या मनाचा, दोस्त."

"सुहृद छान आहे."

"अहो, इंदौर में कौन बोल पाएगा? सुरीद म्हणतील त्याला."

"मग सुयश."

"सुयश चलेगा."

नाना मनात म्हणाले, वा रे वा! ‘सु’ म्हणजे चांगलं, हे त्या मोबाइललासुद्धा कळतं. आमच्याच ‘सु’तून तेवढं धान्य पाखडायचं सूप निघावं! पण आता काही का असेना, नातवाला कुणी हसणार नव्हतं. हजेरीत सुयश महाजन पुकारलं की पोराने छाती काढून उभं राहावं, एवढीच म्हाताऱ्याची हाव होती. एवढ्या थकव्यातही त्या विचाराने त्यांना बरं वाटायचं.

आणि नेमकी तेव्हाच शेजारची मथुराबाई कडमडली. बाई मनाने वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती मृणालच्या कानाशी लागली आणि दुसऱ्या दिवशी मृणाल नानांपुढे येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलत होती.

"नाना, आपण याला सुपात घालू या का?"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मथुरामावशी म्हणतात, ज्यांची मुलं राहत नाहीत ते असंच करतात. सुपात घालून उंबऱ्याबाहेर ओढायचं, शेजारणीला देऊन टाकायचं. मग मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. म्हणजे ते आपलं राहत नाही, म्हणजे त्याला कुणी... आणि नावही तसंच ठेवायचं. कुणाला हवंसं वाटणार नाही असं."

"माझ्यासारखं," नाना म्हणाले.

मृणालने मान खाली घातली. नानांचा तोल गेला. "अगं, मला विचार ते नाव काय असतं! चार भावंडं गेली म्हणून आईने मला कचऱ्यासारखं सुपात घातलं, आणि तो कचरा मी जन्मभर अंगावर वागवला. लग्नाच्या पत्रिकेत छापायची लाज वाटली मला. माझ्या घरात सूप आहे ते धान्य पाखडायला! नाव सुयशच, आणि बारसं रविवारी. बस्स!"

पोराला पाजायची वेळ झाली होती, ती उठून गेली. नाना नंतर किती तरी वेळ धुसफुसत बसले होते. आपलं चुकलं असं त्यांना वाटलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं.

रविवारी घर भरलं. बहादरपूरहून केळीची पानं आली, अंगणात कणकेच्या बट्ट्या भाजल्या, वरणाला फोडणी पडली, वांग्याच्या भाजीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. वैशाली नवं लुगडं नेसून मिरवत होती. आत्याचाच तर मान! पाळणा झेंडूने सजवला, बायका भोवती दाटीने उभ्या राहिल्या, घुगऱ्यांची परात कोपऱ्यात तयार होती.

"वहिनी, घाल बाळाला पाळण्यात," वैशाली म्हणाली.

मृणाल पोराला घेऊन उभी होती. तिने पाळण्याकडे पाहिलं आणि हात उलट घट्ट केले.

"वहिनी, अगं दे की."

"घाबरू नकोस पोरी, सगळं चांगलं होईल," मथुराबाई म्हणाली. कुणीतरी मागून बोललं, बट्ट्या गार होतायत. अनिकेत पुढे झाला, "मृणाल, प्लीज यार, सब देख रहे हैं." त्याने पोराखाली हात घातला. ती एक पाऊल मागे सरकली. ती पोराकडे बघतच नव्हती, छताकडे बघत होती.

नाना दारात उभे होते. त्यांना आधी रागच आला. भरल्या घरात हा काय तमाशा! मग त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. नुसती भीती होती, निव्वळ, नागडी भीती. सुपाशी उभी राहिलेली आपली आई कशी दिसली असेल, हा विचार एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही केला नव्हता. स्वतःचं हसं होण्यापलीकडे त्यांना कधी काही दिसलंच नव्हतं.

"अनिकेत, हात काढ," ते म्हणाले.

"नाना?"

"हात काढ म्हणतो ना! आज नाव ठेवायचं नाही."

बायकांच्यात कुजबुज उठली. वैशालीचे डोळे भरून आले. "नाना, असं काय करता? सगळे आलेत. मी सासरी काय सांगू?"

"सांग, बाप म्हातारा झालाय, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"सुपडूभाऊ, असं कधी झालंय का कुणाकडे?" मथुराबाईने विचारलं.

"नव्हतं झालं, आज झालं. चला, पानं मांडा. लोकांना उपाशी घालवू नका."

लोक जेवले. जेवणार नाहीत तर काय! बट्टीवर तुपाची धार पडली की बुऱ्हाणपूरचा माणूस फार वेळ रुसून राहत नाही. पण जाताना जो तो नानांकडे अशा नजरेने बघून गेला, की मिलमधले हसणारे परवडले असते. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. सुयश हे नाव हातातून गेलं याचं दुःख त्यांना झालं, चांगलंच झालं.

दुपारी घर शांत झालं. वैशाली आतल्या खोलीत रुसून झोपली, अनिकेत भाड्याची भांडी परत द्यायला गेला. नाना भिंतीला टेकून पाय पसरून बसले. मृणाल पोराला मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली.

"रागावलात?"

"नाही गं. दमलोय."

"मीपण." तिने पोराचं दुपटं सारखं केलं. "नाना, तुमची आई तुम्हाला नावाने हाक मारायची?"

काय प्रश्न आहे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तसेच थांबले.

"नाही," ते हळूच म्हणाले. "सगळी गल्ली सुपडू म्हणायची, ती नाही. ती ‘ए’ म्हणायची. ए, जेवायला ये. ए, उन्हात नको फिरू. मला वाटायचं, एवढा नकोसा आहे मी हिला, की माझं नावसुद्धा तोंडात घेत नाही."

"कधीच नाही म्हणाली?"

"मरेपर्यंत नाही. माझे केस पिकले तरी ‘ए’च."

"म्हणजे तेवढी वर्षं घाबरतच होती?"

"घाबरतच होती बहुतेक." नानांनी उपरण्याने डोळे पुसले. "पण हाक मारायची. रोज मारायची गं."

मृणालला रडू आलं. किती दिवसांचं साठलेलं, हुंदके देऊन ती रडली. नानांनी तिला गप्प केलं नाही. मग नाक पुसून ती खाली वाकली, अगदी पोराच्या कानाजवळ तोंड नेलं.

"ए," ती म्हणाली.

पोर झोपेतच होतं, ते हललंसुद्धा नाही. तिने पुन्हा हाक मारली.