टकटक थांबवणारा भगत

आमच्या कारासू गावाच्या क्लबात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक खिडक्यांत बसले होते. भगतासाठी आणलेले मेंढे बाहेर कुंपणाला बांधलेले होते. स्टेजवर झाक्सिबेक भगत, अंगात पायघोळ झगा, उजव्या हातात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र. समोरच्या खुर्चीत माझी धाकटी बहीण कुल्याश.

भगताने डावा हात तिच्या गळ्यावर ठेवला आणि यंत्र जवळ नेलं. टक, टक, टकटकटकटक! बायकांनी डोक्यावरच्या रुमालांची टोकं तोंडावर घेतली.

"ऐकलंत? हा अणू! चाळीस वर्षं या बाईच्या गळ्यात दबा धरून बसलाय. डॉक्टरच्या सुरीला हा भीत नाही. भितो फक्त माझ्या सात पिढ्यांना! नीघ मेल्या, नीघ!"

तो थुंकला, घुमला, आणि डावा हात त्याने आभाळाकडे उंच नेला. यंत्र जवळजवळ गप्प झालं. "वाचली!" कोणीतरी ओरडलं आणि अख्खा क्लब रडायला लागला.

कुल्याश माझ्या गळ्यात पडली. "ताई, गेलं गं! आता सोमवारचं ऑपरेशन नको."

मी बोटाने चाचपलं. "गाठ इथेच आहे."

"गाठ असेल, विष गेलं ना! यंत्र खोटं बोलतं का? तूच शिकवतेस शाळेत."

मी पदार्थविज्ञान शिकवते. यंत्र खोटं बोलत नाही, हे तिचं बरोबर होतं. मग खोटं माणूसच बोलत असणार.

गावाजवळ अणुबाँबच्या चाचण्या व्हायच्या, त्या काळातलं तसलंच एक यंत्र शाळेत पडून होतं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी क्लबाच्या दाराशी भगतासाठी रांगेत उभ्या असलेल्यांचे गळे तपासले. प्रत्येकापाशी तीच संथ टकटक, मोकळ्या भिंतीपाशी येते तेवढीच. मी तडक स्टेजवर चढले.

"माझाही अणू काढा."

"बाई, तुमची श्रद्धा नाही. तुमचा अणू हट्टी निघेल."

"निघू दे. आधी माझ्या यंत्राने मोजते."

माझ्या गळ्याशी संथ टकटक. भगताने नाइलाजाने डावा हात ठेवला, तशी दोन्ही यंत्रं कडाडली. मी माझं यंत्र गळ्यावरून हळूच त्याच्या मनगटाकडे सरकवलं. ते पिसाळलंच.

"आत्म्यांना डिवचू नका!" तो मागे सरला.

पहिल्या रांगेतल्या राबिगा आजी उठल्या. "तुझे आत्मे बाहीत राहतात काय रे, मुडद्या?" म्हणत त्यांनी त्याची बाही हिसडली. एक काळी तबकडी खणकन खाली पडली. जुन्या विमानातल्या घड्याळाची. तिचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमच्या किरणोत्सर्गी रंगाने रंगवलेले होते.

"कोणी हात लावू नका," मी म्हटलं. "हात गळ्याशी आला की यंत्र वाजतं, वर गेला की थांबतं. झाला चमत्कार! या क्लबात विष घेऊन फिरणारा हा एकटाच आहे."

लोक हसले, पण आमानकोस हसला नाही. त्याची बायको रक्ताच्या कर्करोगाने गेली होती.

"म्हणजे बाई, आम्हाला काही झालंच नाही? साहेब लोकही हेच सांगायचे."

"झालं, काका," मी म्हटलं. "स्फोटाच्या आधी सैनिकांनी आपल्याला चरात पालथं झोपवलं होतं, आठवतं? टेकडीमागून ढग आला, धूळ गवतावर बसली, गवत गाईंनी खाल्लं आणि संध्याकाळी आपण ते दूध प्यालो. त्यातलं किरणोत्सर्गी आयोडीन पोरांच्या गळ्यात जाऊन बसलं. ते काही महिन्यांत संपलंही. पण जाताना इजा करून गेलं. म्हणून आज यंत्र वाजत नाही आणि गाठ मात्र वाढते. गावातला प्रत्येक आजार त्याचाच, असं मी म्हणणार नाही. ते तपासूनच कळेल. पण काही झालंच नाही म्हणणारा आणि सगळं निघून गेलं म्हणणारा, दोघांनाही आपली तपासणी नकोच आहे!"

कुल्याश उठली. "मी सोमवारी जाते," ती म्हणाली. जाता जाता भगताला म्हणाली, "माझा मेंढा सोड."

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण पसरायच्या आत काढली. आता तिला रोज एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. आवाज थोडा घोगरा झालाय. त्याच आवाजात तिने जिल्ह्याच्या साहेबाला दारात अडवून विचारलं, "तपासणीची गाडी कधी पाठवता?" मागे आमानकोस, राबिगा आजी आणि निम्मं गाव उभं होतं. साहेब म्हणाले, किरणोत्सर्गाची नुसती भीती आहे तुमच्या मनात. कुल्याश म्हणाली, "मग डॉक्टर पाठवा, तेच सांगू देत." आम्ही हटलो नाही. हिवाळ्याआधी गाडी आली.

आमच्यावर झालेला अन्याय खरा आहे, म्हणून त्यावरचा इलाजही आम्हाला खराच हवा. यंत्र वाजलं तर का वाजलं, ते विचारा. गप्प झालं तर का गप्प झालं, तेही विचारा. आणि विचारू नका असं जो सांगेल, तो झगा घालून येवो की टाय लावून, त्याला दाराबाहेरच उभा करा.