लुगडं नेसलेलं यंत्र

जरा हात पुढं कर, बाळा. तुझ्या तळहातावर एक पिकलेलं सीताफळ आहे असं समज. बोटानं हळूच दाब. साल फुटते आणि आतला पांढरा, रवाळ गर वर येतो. आता तो गर वाटीत काढ. पण एकही बी वाटीत पडता कामा नये, आणि एकही बी फुटता कामा नये, नाहीतर गर कडू होऊन सगळी वाटी वाया. कंटाळलास ना? आता असंच टोपलंभर फळ तुझ्यापुढं ओतलंय आणि ते परवापर्यंतसुद्धा टिकणार नाही, असं समज. म्हणजे मी काय सांगतोय ते कळेल.

चौसाळ्याहून डोंगराकडं वर चढलं की एक लहानसं गाव लागतं. माती वीतभर, खाली सगळा खडक. पण सीताफळाची झाडं तिथं कुणी न लावता उगवतात, आणि दसरा सरला की सगळी एकदम पिकतात. खपली तर खपली, उरली ती शेळ्यांपुढं.

त्या गावात शिवानी नावाची मुलगी राहते. यंदा पाचवीत आहे. तिचे वडील पुण्याकडं एका कंपनीच्या फाटकावर राखण करतात. गावात पोट भरत नाही म्हणून दिवाळीनंतर शिवानीनं आणि तिची आई कावेरी हिनं तिकडंच जायचं, असं ठरलं होतं. वडिलांची आई, जगदेवी आजी, मात्र डोंगर सोडून यायला तयार नव्हती. म्हणजे ती एकटीच मागं राहणार. हा बेत बदलेल असं एकच काही होतं, आणि ते म्हणजे अंगणातलं यंत्र.

सीताफळाचा गर काढायचं ते यंत्र एका कॉलेजातले प्रविण सर आणि गावातल्या बायांचा गट, यांनी मिळून केलेलं होतं. सरांच्या पहिल्या यंत्रानं बिया फोडल्या. तेव्हा आजीनं सरांना पाटावर बसवून गर कसा काढतात ते दाखवलं. सरांनी तिच्या बोटांचा व्हिडिओ काढून नेला आणि पुढच्या यंत्रात रबराची मऊ बोटं आली. मग गर काळा पडू लागला, तेव्हा सरांनी यंत्राच्या पिंपाला दुहेरी पत्रा केला. मधल्या पोकळीत गार पाणी भरायचं, म्हणजे गर थंड आणि पांढरा राहतो. यंत्राचा हक्क कॉलेज आणि गट, दोघांच्या नावानं नोंदला गेला.

आता एक कंपनी ते बघायला येणार होती. पसंत पडलं तर तसली यंत्रं बनवून विकणार, आणि गर काढायचं पहिलं केंद्र याच गावात उघडणार. मग शिवानीचे वडीलच परत येणार होते. कॉलेजचा निधी तर संपलेला होता. पसंत पडलं नाही तर यंत्र परत कॉलेजच्या अडगळीत जाणार.

पाहुणे यायच्या दिवशी आजीनं सकाळीच चुलीवर मोठा हंडा चढवला. पाणी खळखळा उकळलं.

"आत्याबाई, एवढं पानी कशाला तापविलं?" कावेरीनं विचारलं.

"कंपनीचे पाव्हणे याय लागलेत. मशीन पारोसं ठिवू का? आतून-भायेरून न्हाऊ घाल."

"त्या पोकळीत बी वतू?"

"तिथं आदी वत! डोळ्याला दिसत न्हाई म्हनून घान ऱ्हावू द्यायची व्हय?"

एरवी यंत्र आडाच्या पाण्यानं धुवायचे. पण पाहुण्यांसाठी गार पाणी म्हणजे आजीला अपमानच वाटला. शिवानीनं तांब्यानं कढत पाणी आणून दिलं, कावेरीनं ओतलं. मग आजीनं पिंपावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि पेटीतलं ठेवणीचं हिरवं इरकल लुगडं काढून पिंपाभोवती गुंडाळलं. फिरवायचा दांडा तेवढा बाहेर राहिला.

"आजी, नवरीवानी दिसतंय गं."

"मग! पोटच्या लेकरावानी वाढविलंय त्याला."

उन्हं तापली तशी गाडी आली. प्रविण सर घाम पुसत उतरले, मागून कंपनीचे रविराज साहेब. अंगणात गाव जमलं. पुढच्या खुर्चीवर गावचे पुढारी रामकिसन बसले. यंत्र आपल्या गोदामात ठेवावं अशी त्यांची इच्छा होती, ती बायांनी मानली नव्हती.

कावेरीनं दांडा फिरवला. गर पडू लागला, दुधासारखा पांढरा. टाळ्या वाजल्या. रविराज साहेबांनी चमचा तोंडात घातला, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कडू आहे हो."

सरांनी चाखलं. खरंच कडू. घाईघाईनं झाकण उघडून त्यांनी चोथा चिवडला. बिया काळ्याभोर, सगळ्या आख्ख्या. "बी तर एक फुटलेलं नाही," ते पुटपुटले.

रामकिसन मांडीवर थाप मारून हसले. "म्या म्हनत न्हवतो? बायाच्या नादाला लागून मास्तर बी येडा झाला बे! आरं, लुगडं नेसवून मशीन चालतंय व्हय?"

गाव हसलं. आजीनं पदर पुढं ओढला.

"सर, तुमची मेहनत दिसते," रविराज साहेब सौम्यपणे म्हणाले. "पण गिऱ्हाइकाला एकदा कडू लागलं की ते परत घेत नाही. आम्हाला आणखी दोन यंत्रं बघायचीत."

ते जेवायलाही थांबले नाहीत. कडुनिंबाखाली गाडीजवळ सर त्यांना काहीतरी समजावत राहिले, साहेब मधेच फोनवर बोलत राहिले. अंगणात भांडण पेटलं. कुणी म्हणे फळ खराब, कुणी म्हणे रबर खराब, कुणी कावेरीलाच धरलं, "तूच कच्ची फळं घातली आसशीन."

शिवानी चुलीपाशी उभी होती. पाहुण्यांसाठी केलेली बासुंदी परातीतल्या पाण्यात निवत होती, शेजारी वाटीत सीताफळाचा गर झाकून ठेवलेला. तो अजून घातला नव्हता. घरात दरसाल आजी ओरडायची, "बासुंदी गार झाल्याबिगर गर टाकू नगं गं, कडू व्हतंय!"

शिवानीनं बासुंदीकडं बघितलं. मग यंत्राकडं. जवळ जाऊन तिनं लुगड्याखाली हात घातला आणि चटकन मागं घेतला.

"आजी, आतलं पानी आजून कढतच हाय."

आजीनं हात लावला. पोकळीतलं पाणी काढायचंच राहिलं होतं, आणि लुगड्यानं सगळी ऊब धरून ठेवली होती.

"मीच की गं. चुलीपुढं जलम गेला, आन् मीच पोळलं लेकराला."

"आत्याबाई, हळू," कावेरी कुजबुजली. "रामकिसनदादांनी ऐकलं तर जलमभर बोलून दाखवतील."

आजी पदराखाली तोंड लपवून खाली बसली. तिकडं सरांना कडुनिंबाखालीच सोडून साहेब गाडीत बसले, दार लागलं.

शिवानीनं लुगडं ओढून काढलं. यंत्राची तोटी सोडली. कढत पाणी वाफाळत अंगणात वाहिलं, तसं भांडण करणारे बाजूला सरकले. "आगं ए, काय करतीस?" कुणी ओरडलं. तिनं रांजणातलं पाणी कळशीनं ओतलं, तोटीतून कोमट आलं. पुन्हा ओतलं. पुन्हा. गार येऊ लागलं तशी तिनं तोटी बंद केली, फळं टाकली आणि दांड्याला लोंबकळली. कावेरी पुढं आली आणि दांडा धरला. वाटीत गर पडला. शिवानीनं बोट बुडवून चाटलं. मग वाटीवर पान झाकलं आणि उतारावरून सुटली.

गाडी मघाच निघाली होती, पण तिला घाटातली वळणं घेत जावं लागतं. पायवाट सरळ खाली उतरते. खालच्या वळणावर ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, गुडघा खरचटलेला, वाटी मात्र दोन्ही हातांत सरळ. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. ती हलली नाही.

काच खाली आली. रविराज साहेबांनी तिच्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि बोटानंच चाखलं. परत एकदा चाखलं.

"हे त्याच यंत्रातलं?"

"व्हय. तापलं व्हतं. आता गार केलं."

"तापवलं कुणी?"

वरच्या अंगणात पदराखाली तोंड लपवून बसलेली आजी शिवानीच्या डोळ्यांपुढं आली.

"आमी सगळ्यांनी," ती म्हणाली. "तुमी पाव्हणे म्हनून."

साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी वळते का बघ इथं."

रस्ता अरुंद होता. ड्रायव्हर उतरून दगड बघू लागला. साहेबांनी शिवानीसाठी मागचं दार उघडून धरलं.

पण शिवानी गाडीत बसली नाही. वाटी पोटाशी धरून ती पायवाटेनं परत वर पळाली, पाहुणे पोचायच्या आत यंत्रात आणखी एक कळशी गार पाणी ओतायला.