कोरडेबाबांचं भस्म

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोरडेबाबांनी भस्म चोळलेला हात पाण्याने भरलेल्या काचेच्या हंडीत कोपरापर्यंत बुडवला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि हात वर काढला. ठणठणीत कोरडा!

"पाणी मला भितं!" बाबा गरजले. "नळाचं असो, नदीचं असो, नाहीतर तुमच्या देहात साचलेलं! भस्म चोळा, सूज पळालीच समजा!"

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती मावशी. शेजारी बसलेल्या भाचीचं लक्ष मात्र मावशीच्या पायांकडे होतं. मावशीचं हृदय थकलेलं, त्यामुळे पायांत पाणी साचायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज आटोक्यात आली होती. भस्म घरात आलं, गोळ्या बंद झाल्या आणि पाय पुन्हा टम्म फुगले.

"गोळ्या घे ना गं मावशी!"

"तुझं आपलं काहीतरीच! भस्माला जरा वेळ तरी दे."

भाची रसायनशास्त्रात संशोधन करायची. वाद घालून घसा कोरडा करण्यापेक्षा तिने चिमूटभर भस्म प्रयोगशाळेत नेलं. बोटांना ते रेशमासारखं निसरडं लागलं. पाण्यात टाकलं, तर वरच तरंगत बसलं. तापवलं, तर चक्क वितळलं. राख कधी वितळते? तिला हसू फुटलं. यंत्रावर तपासल्यावर शंकाच उरली नाही. चरबीतून मिळणारं स्टिअरिक आम्ल तर तिच्या रोजच्या कामातलं. त्याची लांबलचक कार्बनची साखळी ती औषधाच्या रेणूंना जोडायची. भस्म म्हणजे त्याच आम्लाचा जस्ताबरोबर झालेला क्षार, झिंक स्टिअरेट.

पुढच्या सभेला ती पाण्याचा टब घेऊन थेट व्यासपीठावर चढली.

"बाबा, या पाण्यात भांडी घासायचा साबण घातलाय. ते तुम्हाला भितं का बघू या?"

बाबा गडबडले. "साबण... अपवित्र असतो!"

"असू दे हो बाबा," पुढच्या रांगेतून मावशी ओरडली, "एकदा दाखवाच, म्हणजे हिचं तोंड बंद होईल!"

भक्तच आग्रह करतेय म्हटल्यावर बाबांना पळवाट उरली नाही. भस्म लावलेला हात टबात गेला आणि बाहेर आला तो निथळत! सभागृहात आधी खसखस, मग हास्याचा स्फोट.

भाचीने प्रयोगशाळेतली पावडर स्वतःच्या हाताला चोळली आणि तो बाबांच्या हंडीत बुडवला. हात कोरडाच.

"मंत्र नाही की तंत्र नाही," ती म्हणाली. "या पावडरीच्या रेणूंना तेलकट शेपट्या असतात. पाण्याशी त्यांचं जमत नाही, म्हणून पाणी हाताला चिकटत नाही. साबण दोघांचं जुळवून देतो."

मावशीचा चेहरा उतरला. "मग माझ्या पायातलं पाणी?"

"ते कातडीच्या आत आहे गं. वरून चोळलेल्या पावडरीला त्याचा पत्ताच नाही."

गोंधळात बाबा मागच्या दाराने सटकले. मावशी मात्र भाचीचा हात धरून सरळ दवाखान्यात गेली. डॉक्टरांची बोलणी तिने खाली मान घालून ऐकली आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हळूहळू सूज उतरली, चपला पायांत जाऊ लागल्या. आता ती शेजारणींना साबणाचा प्रयोग स्वतः करून दाखवते, आणि बाबांची नक्कल तर अशी करते की बायका हसून लोळतात.

चमत्कार बघायला मजा येते, खुशाल बघा. पण त्याच्या भरवशावर औषध बंद करण्याआधी, हे कसं होतं, एवढं तरी विचारा. जो बाबा हे विचारू देत नाही, त्याच्या सभेतून वेळीच उठा.