काळीचा डोस

सव्वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस मीच डॉक्टर. दोन हजार एक साल. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि खरं सांगतो, जीव विटला होता. लोकांना तेच तेच सांगायचं आणि लोकांनी मान डोलवून आपलंच करायचं.

त्या सकाळी सोनूबाई टोपलीत पिल्लू घेऊन आली. पोट टम्म, बाकी नुसती हाडं. तिच्या काळी नावाच्या कुत्रीला पाच पिल्लं झालेली. चार गेली, हे शेवटचं.

"जंताचं औषध दिलं होतंस ना?"

"दिलं वो महिपतदादा. सगल्या पिल्लांना मापून दिलं. जंत पडले पण."

"आणि काळीला?"

ती टोपलीकडे बघत राहिली.

"सोनूबाई, काळीला दिलंस का?"

"वली बालंतीण ती. तिला जंताचं औषध कसं देऊ? आळिवाची खीर घातली."

"कुत्रीला खीर!" माझं डोकंच फिरलं. "अगं, जंत तिच्या अंगात आहेत! दुधातून पुन्हा पिल्लांत उतरणारच. बाटली देताना दोनदा बजावलं होतं मी. त्या चौघांना आईनंच मारलं, समज!"

सोनूबाईनं टोपलीवर पदर ओढला.

"तसं नका बोलू, दादा. माझी दोन तान्ही पोरं गेली तेव्हा सासू हेच बोलली. सगल्या वाडीसमोर." मग हळूच म्हणाली, "खरंच तसं असतं काय वो?"

"नाही गं. छे! माणसाचं वेगळं असतं," मी म्हटलं. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. साठीच्या पुढची बाई, आणि इतकी वर्षं हे कुणाला विचारायला मिळालं नव्हतं तिला.

पिल्लाला तिथेच डोस दिला. दुपारी दवाखाना बंद केला आणि बाटली घेऊन तिच्या घरी गेलो. म्हटलं, आज माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे.

पिल्लू जगलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या डोसाला आणलं तेव्हा माझं बोट चावत होतं लबाड.

पण त्या दुपारचं काही डोक्यातून जात नाही. मी औषध ओतत होतो, सोनूबाईनं काळीचं तोंड धरलं होतं. तिच्या कानाशी वाकून ती म्हणाली,

"घे गो बाय. तुझा काय दोष नाय. तुला काय ठाव होतं?"