जानेवारीत गावाला

फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा गुणाजी सावंताला संशय यायचा, आणि हा वर्ग तर फुकटच होता. गिरगावातल्या एका शाळेत दर शनिवारी दुपारी भरायचा. पाच शाळांतली निवडक वीस मुलं, आणि परळच्या शाळेतून एकटी त्याची दुर्गा. इतिहास, कविता, चित्रकला, भूगोल, गाणं, सगळं एकत्र कालवून शिकवत. परीक्षा नाही, मार्क नाहीत. "मग मास्तराक ह्यात मिळता काय?" तो बायकोला विचारी. पोरीचं कौतुक झालं तर तुमच्या पोटात का दुखतं, असं ती उलट विचारी.

मास्तर म्हणजे श्यामकांत विजयकर. गोरे, मऊ बोलणारे, आणि थोरला भाऊ सेक्रेटरिएटात. ही भावाची बातमी कळल्यापासून गुणाजीच्या मनात पाल चुकचुकायला लागली. जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लालबाग पेटलं तेव्हा तो रस्त्यावर होता. चार दगडही भिरकावले होते. पोलिसांच्या कागदावर मात्र त्याचं नाव अजून चढलं नव्हतं. चढलं असतं तर गिरणीतली नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर दुर्गाची शाळाही.

गणपती गेल्यावर दुर्गाने एक जाडजूड वही आणली. वर्षाचा विषय होता 'माझी वस्ती'. आधी चाळीचा नकाशा काढायचा, दोन्ही जिने आणि मागचा दरवाजा धरून. मग खोलीखोलीत जाऊन विचारायचं: गाव कोणतं, मुंबईत कधी आलात, काम काय, गाणी कोणती म्हणता. शेवटचा प्रश्न होता, या वर्षात घरात काय मोठं घडलं?

"मागचो दरवाजो कित्याक होयो मास्तराक?" गुणाजी गुरकावला.

"चाळ काढायची तर दारं नकोत?"

"आणि लोक खोटां बोलले तर?"

"सांगतील तेच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही, असं सरांनी बजावलंय."

त्याच संध्याकाळी, दुर्गा नळावर गेलेली बघून, गुणाजी दारोदार फिरला. सांगणं एकच, जानेवारीत सगळे गावाला होते. शेजारचा कुशाबा हसायला लागला. "अख्खी चाळ गावाक? मग गिरणी काय आपसूक चालली?"

"तां मास्तर इचारूचो नाय."

माना सगळ्यांनी डोलावल्या, कारण भीती सगळ्यांच्याच पोटात होती. अकरा नंबरच्या दारात मात्र गुणाजी अडखळला. तिथे शेवंती एकटीच राहायची. तिचा मुलगा रामदास जानेवारीतच गोळी लागून गेला होता. पण ती बोलली तर पोरगा मरताना कोणाच्या शेजारी उभा होता, तेही आलंच. "वयनी," तो घाईघाईने म्हणाला, "आमच्या दुर्गीन इचारल्यान तर रामदास गावाक गेलो म्हणान सांग." शेवंती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता हो म्हटलं, आणि तो सुटलो बुवा म्हणत पुढच्या दाराकडे वळला.

वह्या वाचायच्या शनिवारी आईबापांना बोलावलं होतं. गुणाजी खाडा करून, धुतलेला सदरा चढवून ट्रामने गिरगावात गेला. मास्तरांचा चेहरा त्याला जवळून बघायचा होता. मागच्या बाकावर एक कोटवाला गप्प बसला होता. हा सीआयडी, गुणाजीने लगेच ओळखलं. तो वर्गातल्याच एका मुलीचा बाप होता, हे त्याला फार पुढे कळलं.

दुर्गा वाचायला उभी राहिली. खोली एक, जानेवारीत गावाला, लग्नाला. खोली दोन, गावाला, म्हैस व्यायली म्हणून. खोली तीन, गावाला. मुलं खुसूखुसू हसायला लागली. विजयकरांनी चष्मा काढला.

"दुर्गा, सगळी चाळ एकदम गावाला?"

"सांगितलं तेच लिहिलंय, सर."

"आणि तुला स्वतःला काय ठाऊक आहे?"

दुर्गाने एकदाच बापाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "ते मला सांगता येणार नाही, सर."

"मग ही वही वर्गाच्या संग्रहात ठेवता येणार नाही," विजयकर म्हणाले. "उरलेलं वाचून टाक."

पोरीचे कान लाल झालेले गुणाजीला दिसत होते. त्याला लाज वाटली, तरी तो गप्पच राहिला. वही बाद झाली तर बरंच होतं.

"खोली अकरा. शेवंती. मुलगा रामदास, वय एकोणीस. जानेवारीत गावाला गेला, तो तिथंच राहिला. घराला नवी पडवी बांधली. विहिरीवर रहाट बसवला. गणपतीत यायचं म्हणत होता, पण भात तयार होत होतं. अंगाने भरलाय. यंदा त्याच्यासाठी मुलगी बघायची आहे."

गुणाजी उभा राहिला, आणि उभा राहिल्यावरच त्याला ते कळलं. त्या माउलीकडून आपण हे वदवून घेतलं, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली.

"खोटं आहे हे! मी सांगायला लावलं सगळ्यांना. रामदास मेला. नाक्यावर छातीत गोळी लागली. माझ्या बाजूला उभा होता, मीच उचललं त्याला." मग तो कोटवाल्याकडे वळला. "गुणाजी सावंत, खोली चार. लिहून घ्या, आणि करायचं ते करा."

कोटवाल्याने काही लिहिलं नाही. विजयकरांनी मुकाट्याने आपली खुर्ची गुणाजीपुढे आणून ठेवली. दुर्गाने खोली अकराच्या मजकुरावर रेघ मारली आणि खाली बापाचे शब्द जसेच्या तसे उतरवले. वही संग्रहात गेली.

परतताना गुणाजीला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटत होतं. उद्या पोलिस येवोत, नाहीतर परवा. घरी न जाता तो आधी शेवंतीच्या दारात उभा राहिला.

"वयनी, मी खरां सांगून इलंय. रामदासाचां नाव आता त्या शाळेत कायमचां रवतलां."

"आणि मी सांगललां?"

"तां खोडलां."

शेवंतीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"दुर्गी तीन दिस माझ्याकडे येऊन बसली," ती म्हणाली. "पडवी, रहाट, सगळां मी सांगलंय, तिना लिवलां. तू खोटां सांग म्हणालंस, तेव्हा माका इचारूक नाय. आज खोडलंस, तेव्हाय इचारूक नाय. त्या वहीत माझो झिल जिवंत होतो रे, गुणाजी."