बॅटरीतलं पाणी

धोतराच्या काठावर सात भोकं.

खारपाणातली विहीर. तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

अंगणात एक डाग. सारवलं तरी पुन्हा वर येतो.

काचेच्या पिचकारीतला काटा. तरंगायला हवा, तो तळाशी बसलेला.

"माह्या रेडिओची बॅटरी मारली यानं!" खुशालराव दुकानात ओरडत होते. "आठ दिवसांत मुकी झाली. गावातले लोक बातम्यांसाठी वट्यावर येऊन बसतात अन् मी तोंड लपवतो!"

अकोला, जुनं शहर, १९६१. बॅटरी चार्जिंगचं दुकान सहदेवशेठचं, हात धर्मपालचे.

"माफी माग," शेठ म्हणाले. "नाही तर उद्यापासून येऊ नको."

बॅटरी कालपासून चार्जिंगला होती. तारा घट्ट, टोकं घासलेली, शेजारच्या बॅटऱ्या भरलेल्या. ही तशीच. धर्मपालनं पिचकारीत थोडं थोडं पाणी ओढून तिन्ही खण तपासले. तेजाब असलं की तरंगणारा काटा तिन्हीकडे तळाशी.

"याच्यात तेजाबच नाई," तो म्हणाला. "कोनं ओतून टाकलं?"

"कोनी कायले ओतंन?"

धर्मपालची नजर खुशालरावांच्या धोतराकडे गेली. तशी तेजाबानं जळालेली भोकं त्याच्या स्वतःच्या सदऱ्यावर दहा वर्षांपासून होती.

"मंग धोतर कायनं जयलं, भाऊ?"

"बिडीनं."

"बिडी पायानं वढता काय?"

बाकावरचे दोघे हसले. खुशालराव बसले. आवाज उतरला.

"मायनं आयकलं नाई. म्हने, रेडिओ देवघराच्या भिंतीले हाय, त्याच्या हातचं पानी तिथं नोको. मी अंगनात पालथी केली. घरच्या विहिरीचं भरलं."

"तुमच्या विहिरीचं? खारं?"

"घरचं होतं."



"बरं, झालं ते झालं," शेठ घाईनं म्हणाले. "नवं तेजाब भर, धर्मपाल. धुऊन पाय, वाचली तं वाचली."

"भरतो. पन भाऊ घरी सांगतीन, पानी कोनाच्या हातचं हाय ते."

"मायले सांगू?" खुशालराव म्हणाले. "शेठच्या हातचं म्हनलं तं काय बिघडते?"

"मंग उचला."

"धर्मपाल!" शेठ ओरडले.

खुशालरावांनी बॅटरी उचलली नाही. धर्मपालनं उचलली, बाहेर नेली आणि त्यांच्या बैलांच्या दमणीत गवतावर सरळ ठेवली.

"गिऱ्हाईक घालवलं तू. उद्या येऊ नको."

"येतो. सहा बॅटऱ्या लावेल हायेत. त्या काय तुमी उतरवसान?"

शेठना पिचकारी धरता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी आठ वाजता दुकानाची फळी धर्मपालनंच काढली. शेठ उशिरा आले आणि गल्ल्यावर बसले. खुशालरावांची दमणी पुन्हा त्या गल्लीत आली नाही.

ती बॅटरी पहिल्यांदा बसवायला धर्मपाल खुशालरावांच्या गावी पायी गेला होता, तेव्हा त्याच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या: एक बॅटरीसाठी, एक स्वतःला प्यायला.