मला कोंबडं नको

मी चाकणच्या एका वर्कशॉपमधली पॉवर प्रेस बोलतेय. पत्रा दाबून गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या काढते. एरवी मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते, पण आता डोक्यावरून पाणी गेलंय.

माझा जन्म राजकोटचा. ज्यांनी मला घडवलं, त्यांना माझी ताकद ठाऊक होती. म्हणून त्यांनी माझ्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सर बसवला. मध्ये कुणाचा हात आला की मी जागच्या जागी थांबायचे. मला त्याचा अभिमान होता.

मालक दौलतराव इथलेच. वर्कशॉप त्यांच्याच शेतात उभं आहे. दर खंडेनवमीला पूजेच्या वेळी ते कामगारांना सांगतात, "ह्याच जागी आमचं आण्णा औताची पूजा करायचं. आमी मशिनीची करतो. रीत मोडली न्हाई." सांगताना त्यांचा ऊर भरून येतो. मलाही आधी बरं वाटायचं. वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी माझं अंग पुसायचं, तेल द्यायचं.

गेल्या खंडेनवमीला त्यांनी माझ्या तोंडावर झेंडूचं जाडजूड तोरण बांधलं, मधोमध लिंबू-मिरची. ते लोंबत सेन्सरच्या आड आलं आणि मी थांबले. थांबायलाच हवं होतं. पण ऑर्डर तुंबली होती. माझा ऑपरेटर ज्योतीराम, धाराशिवकडचा सरळ माणूस, तोरण सोडायला गेला, तर दौलतराव खेकसले, "पूजेचं तोरण काढू न्हाई. सेन्सर बंद कर."

त्यानं चावी फिरवली. दसरा झाला, तोरण वाळलं, झाडूवालीनं ते कचऱ्यात टाकलं. चावी मात्र कुणी परत फिरवली नाही. सेन्सर बंद असला की माल जास्त निघतो, हे मालकांच्या लक्षात आलं होतं.

पुढे एका अमावस्येला ओव्हरटाइम करताना ज्योतीरामचा हात पत्र्याबरोबर आत राहिला. सेन्सरशिवाय मी आंधळी. खाली आले. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आणि दोष कुणाला? मला! दौलतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "अमावस्या व्हती. औंदा कोंबडं द्यायचं राहिलं, म्हणून कोपली." दुसऱ्याच दिवशी माझ्या पायाशी कोंबडं कापलं. लाज कशी वाटली नाही? मला रक्त कधीच नको होतं. मी कोपलेय हे खरं, पण तुमच्यावर, दौलतराव. तुमचे आण्णा औताला हळदकुंकू वाहायचे, पण फाळ मोडला असता तर ते आधी लोहाराकडे गेले असते. मोडक्या फाळाला फुलं वाहून त्यांनी बैल जुंपले नसते. तुम्ही त्यांचं हळदकुंकू तेवढं घेतलंत, अक्कल बांधावरच टाकून आलात. आणि वर रीत मोडली नाही म्हणता.

एवढं करून थांबले नाहीत. भरपाई म्हणून ज्योतीरामच्या बायकोला, विजयश्रीला, कामावर घेतलं. मोठ्या मनानं घेतलं, असं तेच गावभर सांगतात. आणि तिला उभी कुठे केली? माझ्याच समोर. चावी अजून बंदवरच आहे.

ती रोज शिफ्टला आली की आधी मला कुंकू लावते आणि पुटपुटते, "माय, माझ्या मालकाची बोटं घेतलीस. आता पोट भरलं म्हण. मला सोड."

अगं, मी तुझी माय नाही. मी लोखंड आहे. मला कसली विनवणी करतेस? दौलतराव बसतात त्या काचेच्या केबिनमध्ये जा आणि भांड. चावी फिरवल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही म्हणून सांग. तिच्या मागे उभे राहा रे बाकीच्यांनी, नुसते माना खाली घालून काय बसता?

पण तिला भीती वाटते ती माझी, आणि आधार वाटतो तो दौलतरावांचा. डोळे मिटून ती मला हात जोडते. मग तेच हात पत्रा ठेवायला माझ्या जबड्यात घालते.